हिंदुरावमामाची राहिलेली दाढी

दुपारचे अडीच वाजलेत. शटर कमरेपर्यंत खाली ओढलेलं आहे, पंखा आळसावून फिरतोय, आणि धोंडीराम संकपाळ आपल्याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मान मागे टाकून पडला आहे. तोंडावर कोरडा टॉवेल आहे. टॉवेलातून रस्ता ऐकू येतो. एखादी रिक्षा, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, कुणीतरी कुणाला तरी मारलेली हाक. एकेक आवाज लांब जातो आणि परत जवळ येतो. गारगोटीची अख्खी बाजारपेठ या वेळेला जेवून सुस्तावलेली असते, मग एकट्या धोंडीरामने जागं राहून कोणता पराक्रम गाजवायचा आहे?

पण डोळा नीट लागत नाही, कारण पाच वाजता चौगुले गुरुजी येणार आहेत.

निरोप बायकोने आणला. आक्काताई बारा वाजता डबा घेऊन आली आणि डबा ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुजी भेटलं हुतं वाटेत. उद्या शाळेत त्यांचा पंचाहत्तरीचा सत्कार हाय न्हवं? पाचाला दाढीला येतो म्हणालं. आणि म्हणालं, वस्तरा कुणाचाबी असू दे, पाणी मातर धोंडीरामचंच पायजे."

"पाणीच पायजे तर नळावर जावा म्हणावं."

"काय बोलणं म्हणायचं हे! म्हाताऱ्या माणसाला असं बोलत्यात व्हय?"

"मग स्टँडसमोरच्या दुकानात जावा म्हणावं. तितं एसी बी हाय."

"तुमीच सांगा तुमच्या तोंडानं. मी न्हाई सांगायची." आक्काताईने भाकरीवरचं फडकं बाजूला केलं. "आज नळाला पाणी न्हाई. पाचाच्या आधी घरातनं ऊन पाणी घेऊन येती. आणि जेवा, नुसतं बघत बसू नका." एवढं बोलून ती गेली.

धोंडीरामला तो निरोप टोचला. पाण्याचं नाव काढलं की त्याला टोचतंच, आणि त्याला कारण आहे.

एकोणिसाव्या वर्षी तो मामाच्या हाताखाली कामाला लागला. मामा म्हणजे हिंदुराव झेंडे. हे दुकान त्यांचं. आरशावरच्या फोटोत चंदनाचा हार घालून बसलेत ते. गारगोटीत आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर त्यांच्या वस्तऱ्याचा दबदबा होता. नवरदेव हळदीआधी त्यांच्याकडे यायचा, नवा फौजदार हजर व्हायच्या आधी त्यांच्याकडे यायचा, आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुढारी त्यांच्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी तोंड वर करून बसायचे. अशा माणसाच्या हाताखाली शिकायचं म्हणून धोंडीराम छाती फुगवून आला. मामांनी त्याच्या हातात पितळेची वाटी दिली आणि म्हणाले, "भिजीव."

एक वर्ष. आख्खं एक वर्ष धोंडीरामने फक्त दाढ्या भिजवल्या. आधी कोरड्या बोटांच्या पाठीने केस कुठल्या बाजूला झुकलाय ते बघायचं, मग कोमट पाणी, मग बोटांच्या टोकांनी मुळापर्यंत चोळणं. मामांचा बाप झाडाखाली बसून हजामतीची धोकटी उघडायचा तेव्हा साबण नव्हताच, सगळी करामत पाण्याची होती, असं मामा सांगायचे. साबण त्यांनी नंतर घेतला, पण पाणी सोडलं नाही. धोंडीराम भिजवायचा, बाजूला व्हायचा, आणि मामा वस्तरा घेऊन पुढे यायचे. बरोबरीचे गडी दुसऱ्या दुकानांत सटासट दाढ्या करत होते. त्यांनी त्याचं नाव पाडलं पाणक्या. ते नाव गावभर झालं. मामांवर त्याचा जीव होता, पण त्या वर्षाचा राग आत कुठेतरी टिकून राहिला तो राहिलाच.

आणि मग गेल्या श्रावणात मामा गेले.

कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नऊ दिवस होते. गेले तेव्हा चेहऱ्यावर नऊ दिवसांची पांढरी दाढी. ज्या माणसाने जन्मभर गावाचे चेहरे उजळले, त्याला असं घरी कसं न्यायचं? धोंडीराम म्हणाला, मी करतो. पण खाली शववाहिकेचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, नातेवाईक आटपा आटपा म्हणत होते, आणि हाताशी होतं मेडिकलमधून आणलेलं प्लास्टिकचं रेझर. नळ व्हरांड्यात होता, वीस पावलांवर. धोंडीराम गेला नाही. मेलेल्या माणसाला कसली आग होणार, असं स्वतःशी म्हणून त्याने कोरड्यावरच ओढलं. डाव्या जबड्याखाली, जिथे मामांच्या केसांचा भोवरा होता, तिथे कातडी निघाली. रक्त आलं नाही. रक्त आलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. त्याचा हात जो थांबला तो पुढे गेलाच नाही. तेवढा कोपरा तसाच ठेवून त्याने मामांच्या तोंडावर चादर ओढली.

त्या दिवसापासून वस्तरा उघडला की त्याची बोटं थरथरतात. वस्तरा खणात पडला आहे. आठ महिने धोंडीराम सगळं काम मशीनवर करतोय आणि लोकांना सांगतोय की आता कोण ओली दाढी करून घेतंय. आज गुरुजींना तो कायमचं सांगून टाकणार आहे की मी वस्तरा सोडला. एकदा गुरुजींना सांगितलं की गावाला सांगितल्यासारखंच आहे, मग कुणी विचारायला नको. वाक्य त्याने मनात तीनदा म्हणून पाहिलं आहे. चौथ्यांदा म्हणताना मधलाच शब्द सापडत नाही.

गिरणीचा पट्टा थांबतो. रस्ता थांबतो. शटरखालून कुणीतरी आत येतं. शटर कमरेएवढं खाली आहे, पण येणारा वाकत नाही.

"झोपलास व्हय रं, पाणक्या?"

पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर पंचा. मनगटाला दवाखान्याची प्लास्टिकची पट्टी. हिंदुरावमामा आहेत. दोन्ही गाल कोरडे, खरवडल्यासारखे, आणि डाव्या जबड्याखाली रुपयाएवढा पांढऱ्या केसांचा पुंजका.

धोंडीराम खुर्चीत होता, तो आता खुर्चीच्या मागे उभा आहे आणि खुर्चीत मामा आहेत. मध्ये काहीही घडलेलं नाही. आरशात मामा दिसतात. त्यांच्या मागे जिथे धोंडीराम दिसायला हवा, तिथे नदीचा काठ दिसतो. धोंडीरामला त्याचं काही वाटत नाही. त्याला फक्त त्या पुंजक्याकडे बघवत नाही.

"मामा, मेल्यावर दाढी वाढती व्हय?"

"वाढत न्हाई. तू ठेवलीस ती हाय." मामा हनुवटी वर करून आरशात बघतात. "तितं समदी इचारत्यात, हिंदुराव, ह्यो कोपरा कुणी ठेवला? आता काय सांगू? भाच्यानं ठेवला म्हणून सांगू? माझं नाव न्हाई व्हय जात?"

मेल्यावरही नावाची काळजी. धोंडीरामला हसू येतं. तो घाईघाईने मशीन उचलतो.

"ते कशाला? बकरं भादरायचं हाय?"

मशीन ठेवून तो पाण्याची फवारणीची बाटली घेतो.

"आता कुंडीतल्या झाडाला पाणी घालालाईस व्हय?" मामा खुर्चीत नीट सरकून बसतात. "वाटी कुठं गेली?"

वाटी खणात आहे, वस्तऱ्याच्या खाली. धोंडीराम वस्तऱ्याला न शिवता ती काढतो. तिला अजून कुणाच्या तरी हातातली ऊब आहे. तो नळ सोडतो. नळ खोकतो आणि गप्प होतो.

"पाणी न्हाई, मामा. आज नळाचा दिस न्हाई."

"मग आन की जाऊन. लांब हाय व्हय?"

मागचं दार उघडलं की पिंप ठेवलेला बोळ लागतो. आज दार उघडतं ते वेदगंगेच्या घाटावर. पायऱ्यांवर ओळीने माणसं बसली आहेत, तोंडं वर करून, डोळे मिटून. मोठ्या मिशांचे देसाई पाटील, बँडवाल्यांचा क्लॅरिनेट वाजवणारा इब्राहीमभाई, पोस्टातले कुलकर्णी. सगळे कधीच गेलेले. सगळ्यांचे गाल ओले आहेत आणि कुणालाही घाई नाही.

"काय पाणक्या, बरं हाय न्हवं?" पाटील डोळे न उघडता विचारतात.

"बरं हाय, पाटील."

इब्राहीमभाई थोडे सरकून त्याला वाट देतात. पाणक्या हा शब्द पाटील ज्या तऱ्हेने म्हणतात त्यात टिंगल नाही. माणसाला त्याच्या कामाच्या नावाने बोलवावं तसा म्हणतात. धोंडीराम वाटी पाण्यात बुडवतो. नदीचं पाणी तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतात तेवढं ऊन आहे.

तो वळतो आणि चालायला लागतो. पायऱ्या चढता चढता पायाखाली पांढऱ्या फरशा येतात. औषधाचा वास येतो. हा व्हरांडा त्याच्या ओळखीचा आहे. भिंतीला नळ आहे, त्या नळापासून मामांच्या खोलीपर्यंत वीस पावलं. खालून हॉर्न वाजतो. आटपा, आटपा, कुणीतरी म्हणतं. धोंडीरामच्या हातात भरलेली वाटी आहे, पळालं तर सांडेल. तो एकेक पाऊल मोजतो. चौदा. पंधरा. हॉर्न परत वाजतो. अठरा. एकोणीस. पाण्याचा एक थेंब वाटीच्या काठापर्यंत येतो आणि परत आत जातो.

मामा दवाखान्याच्या खाटेवर बसलेत, पाय मात्र दुकानातल्या खुर्चीच्या लोखंडी पाटीवर आहेत.

"मामा, खाली गाडी थांबलीया."

"वाजवू दे. तू भिजीव."

धोंडीराम कोरड्या बोटांची पाठ मामांच्या गालावरून फिरवतो. उजव्या गालावर केस खाली जातो, हनुवटीवर पुढे येतो, डाव्या जबड्याखाली गोल फिरतो. तेहेतीस वर्षं हा चेहरा रोज समोर होता आणि त्याचा केस कसा जातो हे त्याला आज कळतंय. मामा आपली दाढी स्वतःच करायचे, आरसा खिडकीला टांगून, कुणाला हात लावू न देता. मग तो बोटं वाटीत बुडवतो.

पहिलं पाणी गालावरून नुसतं निसटून जातं. दुसरं थोडं थांबतं. तिसऱ्या वेळेला कातडी ते घेते. धोंडीराम बोटांच्या टोकांनी छोटी छोटी वर्तुळं काढत जबड्याकडून वर जातो, कानशिलापाशी थांबतो, परत खाली येतो. वरच्या ओठावर अंगठा, हनुवटीच्या खळग्यात मधलं बोट. खरवडलेल्या जागी तो पाणी नुसतं ठेवतो, चोळत नाही. तिथली लाली हळूहळू उतरते. हॉर्न वाजतच असतो, पण आता तो नदीपलीकडच्या कुठल्यातरी लग्नातल्या बँडसारखा वाटतो. कदाचित इब्राहीमभाईच वाजवत असतील.

जबड्याखालच्या पुंजक्यापाशी त्याचा हात थांबतो. केसांच्या शेजारी ती निघालेली कातडी आहे.

"मामा, आग झाली का तवा?"

मामा डोळे मिटूनच म्हणतात, "आग न्हाई झाली. वंगाळ वाटलं. आपल्या घरचं पाणी असून कोरडा गेलो."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. भिजीव आता."

तो भिजवतो. पुंजका आधी पायपुसण्याच्या काथ्यासारखा टोचतो. किती वेळ जातो ते कुणी मोजत नाही. वाटीतलं पाणी संपत नाही आणि गारही होत नाही. मग एकेक केस मऊ पडतो, तेलात भिजलेल्या वातीसारखा. धोंडीरामची बोटं थरथरत नाहीत. आणि बोटं थरथरत नाहीत म्हटल्यावर त्याच्या तोंडून तेहेतीस वर्षांचं जुनं गाऱ्हाणं बाहेर पडतं.

"मामा, वरीसभर मला वस्तरा का दिला न्हाईसा?"

खोलीत झाडाची सावली हलते. भिंती कुठे गेल्या कोण जाणे. मामांच्या बापाचं ते झाड असावं, बुंध्याला धोकटी टेकवलेली आहे.

"खरं सांगू?" मामा म्हणतात. "दुसऱ्या म्हैन्यातच दिला असता. हात तयार हुता तुझा. पर एक दिस चौगुले गुरुजी खुर्चीत बसलं, डोळं मिटलं, आणि म्हणालं, हिंदुराव, पाणी ह्या भाच्यालाच लावू द्या. मग पाटील तेच म्हणालं. मग समदीच म्हणाय लागली. ईस वर्सं ज्या हातानं गाव भिजीवलं, त्यो माझा हात कुणाला नको झाला बघ. मग वस्तरा तरी माझा ऱ्हावा, म्हणून धरून बसलो."

धोंडीरामचा हात गालावरच राहतो.

"म्हंजे... माझा राग आला हुता तुमाला?"

"राग कसला? जळत हुतो मी, लेका." मामा एक डोळा उघडून आरशातून त्याच्याकडे बघतात. "आणि रोज जेवताना तुझ्या मामीला सांगत हुतो, धोंड्या माझ्या वर जाणार. दोन्ही खरं हाय."

"मग एवढी वर्सं सांगाय काय झालं हुतं?"

"तुझं पाणी मला कुठं ठावं हुतं? म्या कवा लावूनच घेतलं न्हाई. लोक म्हणायची तेवढंच. आज लागलं." मामा भिजलेल्या गालावरून स्वतःचा तळवा फिरवतात, हळू, दुकानातल्या मोठमोठ्या गिऱ्हाइकांच्या गालावरून फिरवायचे तसा. "गुरुजी खोटं बोलत नव्हतं."

धोंडीरामला वाटतं, ही खोली, हे झाड, तो घाट, सगळं आपल्या छातीत मावतंय. पाणक्या. खरंच की. पाणक्या म्हणजे तोच. तेहेतीस वर्षं जे नाव त्याला खाली मान घालायला लावत होतं, ते आज ताठ मानेने मिरवावंसं वाटतंय. त्याला मामांशी भांडायचंही आहे आणि त्यांच्या पाया पडायचंही आहे. दोन्ही ओल्या हाताने कसं करायचं ते सुचत नाही, म्हणून तो खण उघडतो आणि वस्तरा काढतो. पातं उघडतो. पातं स्थिर आहे.

मामा उठून उभे राहतात.

"थांबा की, मामा. वस्तरा कुठं लागलाय अजून? कोपरा तसाच हाय."

"असू दे तसाच." मामा जबड्याखाली बोट लावतात. पांढरे केस ओले होऊन कातडीला गुमान चिकटलेत. "आता कुणी इचारलं तर सांगीन, माझ्या भाच्यानं भिजवून ठेवलीया, बघा हात लावून. वस्तरा गुरुजीस्नी लाव. त्यांची येळ झाली."

ते दुकानातून बाहेर जायला निघतात. या वेळी मात्र शटरखालून वाकून जातात, गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारखे कण्हत.

टॉवेल खाली पडतो आणि धोंडीराम जागा होतो. तो खुर्चीत आहे. पंखा बंद पडलाय, वीज गेली असावी. गिरणीचा पट्टा गप्प आहे. घड्याळात पावणेपाच झालेत. आरशात त्याचं स्वतःचंच झोपाळलेलं तोंड आहे, आणि वर फोटोत मामा, नेहमीसारखे गुळगुळीत.

तो तोंड पुसायला उजवा हात वर करतो आणि हात तसाच धरून राहतो.

अंगठा आणि तीन बोटं पांढरीफटक पडली आहेत, टोकांना सुरकुत्या. नदीवर तासभर धुणं धुतलेल्या बाईची बोटं होतात तशी. डावा हात जसाच्या तसा आहे, कोरडा. तो उठून नळ सोडून बघतो. नळ खोकतो आणि गप्प होतो. मागचं दार उघडतो. बोळ, रिकामं पिंप, त्यावर झाकण. खणातून वाटी काढतो. ती कोरडी आहे, आत आठ महिन्यांची धूळ. त्या धुळीवर बोट उमटलेलं नाही.

आक्काताई शटर वर ढकलून आत येते. हातात ऊन पाण्याची कळशी, फडक्याने धरलेली. "उठला का?" म्हणते आणि त्याच्या हाताकडे बघून थांबते. "अगं बाई, कुठं घातला हुता हात?"

"मामांची दाढी ऱ्हायली हुती," धोंडीराम म्हणतो. "ती भिजीवली."

आक्काताई एकदा त्याच्याकडे बघते, एकदा फोटोकडे. मग ती त्याच्या हातातून वाटी घेते, पदराने पुसते आणि कळशीतलं पाणी तीत ओतते.

बाहेर मोटारसायकल थांबते. गुरुजींना घेऊन त्यांचा मुलगा आलाय. तो गाडी चालूच ठेवतो आणि बाहेरूनच ओरडतो, "जरा लवकर आटपा, धोंडीरामदादा. मंडपवाला थांबलाय."

चौगुले गुरुजी सावकाश येऊन खुर्चीत बसतात. आठ महिन्यांत मशीनने त्यांच्या गळ्यावर पुरळ उठवलंय. ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यात गुंडाळतात, मान मागे टाकतात आणि डोळे मिटतात.

"धोंडीराम, पाणी तूच लावणार ना?"

मनात तीनदा घोकलेलं वाक्य धोंडीरामला आता आठवतही नाही. तो खण उघडतो, वस्तरा काढून आरशासमोर ठेवतो.

"पाणीबी माझंच, गुरुजी, आणि वस्तराबी माझाच."

बाहेर हॉर्न वाजतो. पुन्हा वाजतो. गुरुजी अर्धवट उठू बघतात. "अरे, तो थांबलाय रे..."

"वाजवू द्या," धोंडीराम म्हणतो, आणि सुरकुतलेली बोटं वाटीत बुडवतो.